यादीत नसलेला खरादी

विश्वकर्मा जयंतीचे निमित्त साधून 17 सप्टेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली आणि तिची वर्षपूर्ती 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्धा येथे पंतप्रधानांच्या उपस्थितीत थाटाने साजरी झाली. योजनेत 18 व्यवसाय मोजलेले आहेत. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी आहेत; होड्या बांधणारा आहे, कुलुपे करणारा आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे; बाहुल्या आणि खेळणी करणाराही आहे. लाकूड फिरते ठेवून त्याला गोलाई देणारा, ज्याला विदर्भात खरादी आणि पश्चिम महाराष्ट्रात कातारी म्हणतात, तो मात्र या 18 जणांत नाही.

यादी करणाऱ्यांना तो सुतारातच मोडतो असे वाटले असावे. दोघांचे लाकूड एकच, पण धंदे दोन आहेत. सुतार लाकूड स्थिर ठेवतो आणि हत्यार चालवतो. खरादी हत्यार रोखून धरतो आणि लाकूड फिरवतो. एकाचे कौशल्य मापात आणि सांध्यात असते, तर दुसऱ्याचे दाबात. फिरत्या लाकडावर धार किती टेकवायची, हे त्याच्या बोटांना कळावे लागते. नागपूरच्या कोणत्याही जुन्या घरात या माणसाची मजुरी विखुरलेली सापडेल. लाटणे त्याचे, ताक घुसळण्याची रवी त्याची, खाटेचे पाये, पाळण्याच्या दांड्या, देव्हाऱ्याचे खांब, मुलांचे भवरे आणि खुळखुळे त्याचे. तबल्याच्या वादीखालचे गट्टे त्याचे आणि तबल्याचे लाकडी खोडही त्याचेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला नागपूरची मुले लाकडी बैल ओढीत दारोदार जातात आणि बोजारा मागतात. हा सण दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचे सांगतात. बैलाचे धड कोरणाऱ्याचे कौतुक होते. ज्या चाकांवर तो बैल चालतो त्या चाकांच्या कर्त्याची मात्र कोणी चौकशी करीत नाही.

हा धंदा ज्या यंत्रावर उभा राहिला ते समजून घेतल्याशिवाय त्याचा आजचा प्रश्न कळणार नाही. जुन्या मराठीत त्याला सांगाडा म्हणत. खराद हा शब्द उत्तरेकडून आला आणि विदर्भात रुळला. जमिनीत किंवा फळीवर रोवलेले दोन खुंट, त्यांतून आत आलेली दोन लोखंडी टोके आणि त्या टोकांमध्ये अडकवलेला लाकडाचा ओंडका. ओंडक्याला दोरीचे किंवा चामड्याच्या वादीचे दोन-तीन वेढे द्यायचे आणि दोन्ही टोके आळीपाळीने ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरते, एकदा मागे. हत्यार लागते ते पुढच्या फेऱ्यात. मागच्या फेऱ्यात ते किंचित उचलून धरायचे. म्हणजे अर्धी शक्ती वायाच जाते. इजिप्तमधील पेटोसिरिसच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी सुमारे 300 वर्षांच्या चित्रात, असेच यंत्र दिसते आणि त्यावर माणसे दोन आहेत: एक हत्यार धरणारा, दुसरा दोरी ओढणारा. दोन हजार वर्षांहून अधिक काळ भारतातील कारागिरांच्या ओसरीवर हेच चित्र कायम राहिले.

खरादी जमिनीवर बसून काम करी आणि हत्यार नीट टेकावे म्हणून पायाची बोटे त्याला लावी. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पाहुण्यांना हे पाय वापरणे मोठे नवलाचे वाटे. ज्यांनी खुर्चीखाली पाय सोडून बसण्यालाच सभ्यता मानले, त्यांना पायाच्या अंगठ्यात कौशल्य असू शकते हे उमगणे अवघडच होते! त्या पाहुण्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली. दोरी ओढणारा हा दुसरा माणूस कोण? तो बहुधा घरातलाच असे: बायको, म्हातारी आई किंवा आठ-दहा वर्षांचा मुलगा. खरादीच्या मालाची किंमत ठरताना लाकूड धरले जाई, लाख धरली जाई, फार तर कारागिराचा दिवस धरला जाई. दोरी ओढणाऱ्याच्या दिवसाला कधी किंमत नव्हती.

पायाने चालणाऱ्या यंत्राचे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे. युरोपात मध्ययुगातच एक युक्ती रूढ झाली होती. दोरीचे एक टोक डोक्यावरच्या लवचीक दांडीला आणि दुसरे पायाखालच्या फळीला बांधायचे. पाय दाबला की लाकूड फिरे, सोडला की दांडी ते मागे खेची. इंग्लंडात हाय विकम परिसरातील बीचच्या जंगलांत खुर्च्यांचे पाय करणारे कारागीर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हेच यंत्र वापरीत होते. जंगलातल्या उभ्या झाडांचा लहानसा तुकडा विकत घ्यायचा, तेथेच झोपडीत यंत्र मांडायचे आणि तयार पाय गावातल्या कारखानदाराला विकायचे, अशी त्यांची रीत होती. पुढे पायटा, दांडा आणि जड चाक यांच्या जोडणीने लाकूड एकाच दिशेने अखंड फिरू लागले. असे रेखाटन लिओनार्दोच्या वह्यांतही आहे. पायाने एका माणसाचे काम उचलले आणि दुसऱ्याला दोरीतून सोडवले. पण सोडवलेला मुलगा शाळेत जातो की दुसऱ्याच्या दुकानात पोऱ्या म्हणून राबतो, हे यंत्र ठरवीत नाही. ते समाज ठरवतो.

पायाच्या यंत्राचे गोडवे गाताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. माणसाच्या शरीरातून दिवसभर टिकेल अशी शक्ती सुमारे 75 वॅट, म्हणजे एका अश्वशक्तीचा दहावा हिस्सा निघते. एका पायावर उभे राहून दुसऱ्याने दिवसाचे आठ तास फळी दाबणाऱ्याचे गुडघे आणि कंबर चाळिशीतच बोलू लागतात. पाव अश्वशक्तीची विजेची मोटर दोन माणसांहून अधिक काम करते आणि थकत नाही. खरादीने मोटर बसवली तर त्याला परंपरेचा द्रोही ठरवण्याचा अधिकार वातानुकूलित प्रदर्शनगृहात हस्तकला विकत घेणाऱ्यांना मुळीच नाही. आज बहुतेक ठिकाणी मोटर आलीच आहे. ती कोणाच्या मालकीची आहे, तिच्यावर फिरणारे लाकूड कोणाकडून आणि कोणत्या भावाने येते आणि तयार माल कोण उचलतो, हे विचारायला हवे.

नागपूरच्या इतिहासात हे प्रश्न पूर्वीही उभे राहिले होते. तिसरे रघूजी 1853 साली वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. दरबार गेला तशी वाड्यांच्या कोरीव खांबांची, पालख्यांची, पलंगांची मागणी ओसरली. डिसेंबर 1865 मध्ये नागपुरात कलाकौशल्य आणि उत्पन्नाचे मोठे प्रदर्शन भरले, 1867 साली मुंबईहून रेल्वे आली आणि 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. प्रदर्शनात कारागिराची पाठ थोपटायची आणि रेल्वेने त्याच्या दारात गिरणीचा माल आणून टाकायचा, ही राज्यकर्त्यांची रीत तेव्हापासूनची आहे. खरादीचे निम्मे जगणे विणकरावर अवलंबून होते. हलबा कोष्ट्यांच्या मागाला कांड्या लागत, रहाटाला चाती आणि खुंट्या लागत. माग थंडावले तशी ही मागणी आटली. गिरण्यांनीही आरंभी लाकडी बॉबिने वापरली, त्यासाठी हळदूसारखे घट्ट पोताचे लाकूड उत्तम ठरे; परंतु ती यंत्रावर ठोकभावाने होत आणि पुढे प्लास्टिकने त्यांचीही जागा घेतली. शेवटी एम्प्रेस मिलही बंद पडली. ज्या गिरणीने कारागिराला बाजारातून उठवले तिनेच त्याच्या नातवाला कामगार केले, आणि एके दिवशी त्यालाही घरी पाठवले. नागपूरच्या श्रमिकांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगायचा तर तो साधारण असा आहे.

ऑक्टोबर 1934 मध्ये मुंबईला एकाच आठवड्याच्या आगेमागे दोन गोष्टी घडल्या. काँग्रेस समाजवादी पक्षाचे पहिले अधिवेशन भरले आणि काँग्रेसच्या अधिवेशनाने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापण्याचा ठराव केला. संघाचे काम डिसेंबरात वर्ध्याला सुरू झाले, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार झाले आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. नागपूरहून दोन तासांच्या अंतरावर तेलघाणी, कागद, गूळ, चूल, दिवा यांवर प्रयोग चालू झाले. ज्यांच्या नावाने मगनवाडी आहे त्या मगनलाल गांधींचेच नाव मिळालेला मगन चरखा पायाने चालवायचा होता. दोन्ही हात मोकळे राहत आणि एकाच वेळी दोन धागे निघत. समाजवाद्यांपैकी अनेकांना ही सारी मागे जाण्याची वाट वाटली. ग्रामोद्योगवाद्यांना समाजवादी हे पश्चिमेच्या कारखान्यावर भाळलेले वाटले. या वादात दोन्ही बाजूंकडून खूप लिहिले गेले. त्यात खरादी कोठेच नव्हता. ग्रामोद्योगाला त्याची आठवण चरख्याच्या सुट्या भागांपुरती होती आणि समाजवाद्यांच्या वर्गविश्लेषणात स्वतःची हत्यारे असलेला हा माणूस ना मजूर ठरत होता, ना मालक.

वाद जितका टोकाचा दाखवला गेला तितका तो नव्हता. गांधीजींनी 1924 सालीच शिवणयंत्राचा अपवाद केला होता. शिवणयंत्र हेसुद्धा पायाचे यंत्र. ते कारागिराच्या घरात राहते आणि त्याच्या हुकमतीत चालते. पुढे डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राची कल्पना मांडली. वीज वापरणारे, पण लहान गटाच्या मालकीत राहू शकणारे आणि थोड्या भांडवलात बसणारे यंत्र भारतासारख्या माणसांनी भरलेल्या आणि भांडवलाने दुबळ्या देशाला हवे, असा त्यांचा आग्रह होता. खरादीच्या मोटरीइतके त्याचे चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. आणि तरीही समाजवादी चळवळीने या धंद्याची एकही भक्कम सहकारी संस्था विदर्भात उभी करून दाखवली नाही, हे येथे कबूल केलेले बरे. दुसऱ्याच्या यादीतली उणीव दाखवताना आपलीही यादी तपासावी लागते.

आता लाकडाकडे वळू. नागपूर-चंद्रपूरच्या सागवानाची ख्याती साऱ्या देशात आहे. 2023 साली उघडलेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेले. त्याच वर्षी अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरच्या आगारातून सागवानाचे ओंडके मिरवणुकीने रवाना झाले. महाराष्ट्राचे वनविकास महामंडळ 1974 साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नागपुरातच आहे. इतके असून नागपूरच्या खरादीला चार हात लांबीचा बुंधा सरळ आगारातून मिळत नाही. आगारातील माल मोठ्या लॉटांत लिलावाने विकला जातो. अनामत भरणारा, ट्रक लावणारा, महिनोन् महिने माल गोदामात ठेवू शकणारा व्यापारीच तेथे बोली बोलू शकतो. मग तो माल आरागिरणीत जातो, आणि खरादी तेथून फळ्यांचे उरलेले तुकडे किरकोळ भावाने विकत घेतो. तेच लाकूड, तेच शहर. मध्ये दोन नफे चढलेले.

खरादीला मोठे सागवान लागतही नाही. त्याला लहान जाडीचे, गाठी नसलेले, घट्ट पोताचे लाकूड लागते. हळदू, शिवण, काळा कुडा ही त्याची झाडे. काळ्या कुड्याच्या पांढऱ्या, मऊ लाकडावर चन्नपट्टणचा सारा खेळण्यांचा धंदा उभा आहे आणि हे झाड विदर्भाच्या रानात परके नाही. रोपवनांत विरळणी होते तेव्हा मनगटापासून मांडीएवढ्या जाडीचे वासे निघतात. लाखेसाठीही दूर जावे लागत नाही. पळस आणि कुसुंब ही लाखेची झाडे भंडारा-गोंदियाच्या रानात आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि पोतात मुरते. वरून केवड्याचे पान घासले की चकाकी येते. त्याला ना भट्टी लागते ना विषारी रंग. तान्ह्या मुलाने तोंडात घातला तरी चालेल असा खुळखुळा विदर्भाच्याच रानातल्या दोन वस्तूंतून तयार होऊ शकतो, आणि बाजारात मात्र प्लास्टिकच्या खुळखुळ्यांच्या माळा लटकतात.

मागणी अवास्तव आहे असे कोणी म्हणू नये, कारण शेजारीच तिचे उदाहरण आहे. महाराष्ट्रात नोंदणीकृत बुरड कुटुंबांना वनखात्याकडून सवलतीच्या दराने बांबू देण्याची व्यवस्था आहे. निस्ताराचा हक्क ही तर या भागाची जुनी परंपराच. जंगल सरकारच्या ताब्यात गेले तेव्हा गावकऱ्यांच्या गरजेपुरते लाकूडफाटे त्यांना मिळावे, हे इंग्रजी राजवटीलाही मान्य करावे लागले होते. बुरडाला बांबू मिळतो कारण सरकारच्या दप्तरात बुरड नावाचा माणूस आहे. खरादीला लाकूड मिळत नाही कारण त्या नावाचा माणूस दप्तरात नाही. यादीतल्या एका शब्दाचे मोल ते इतके.

हा शब्द अन्यत्रही आडवा येतो. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश लागू झाला आणि प्रमाणपत्राशिवाय खेळणी विकणे बेकायदा ठरले. परदेशातून येणारी हलकी आणि धोकादायक खेळणी रोखण्यासाठी हे पाऊल योग्यच होते. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट देण्यात आली, हेही योग्य झाले. पण ज्याची नोंद नाही त्याने काय करायचे? चितार ओळीत तान्ह्या पोळ्याच्या आधी आठ-दहा दिवस रस्त्यावर बैल मांडून बसणारा आणि त्याला चाके पुरवणारा, या दोघांना असा काही आदेश आहे हे तरी कोणी सांगितले? गंमत अशी की हस्तशिल्प आयुक्तालयाच्या वर्गीकरणात कातीव आणि लाखकाम केलेल्या लाकडाला स्वतंत्र जागा आहे. एका खात्याला जो माणूस दिसतो तो दुसऱ्या खात्याला दिसत नाही, आणि दोन्ही खाती दिल्लीतच आहेत.

विश्वकर्मा योजनेतून पहिल्या टप्प्यात 1 लाख आणि दुसऱ्या टप्प्यात 2 लाख रुपये कर्ज 5 टक्के व्याजाने मिळते, हत्यारांसाठी 15,000 रुपये मिळतात, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन मिळते. खरादीला हे हवे असेल तर त्याने स्वतःला सुतार तरी म्हणवून घ्यावे किंवा खेळणीवाला तरी. लाटणी, खाटेचे पाये आणि तबल्याचे गट्टे करणाऱ्याने खेळणीवाला कसे व्हावे? योजनेची दुसरी अट याहून बोचरी आहे: एका कुटुंबातून एकालाच लाभ. नवरा, बायको आणि अविवाहित मुले मिळून कुटुंब. ज्या धंद्यात पिढ्यान् पिढ्या दोन माणसांशिवाय लाकूड फिरलेच नाही, त्यात एक माणूस कारागीर आणि दुसरा कोणीच नाही, असे आता कायद्यानेच ठरले. आज दोरी गेली असेल. पण रंग देणारी, घासणारी, मोजून गठ्ठे बांधणारी, बाजारात बसून विकणारी बाई त्याच घरातली आहे. पेटोसिरिसच्या थडग्यावरच्या चित्रकाराने दोरी ओढणाऱ्यालाही चित्रात जागा दिली होती.

या धंद्याचे काय करावे याविषयी एक सूर हल्ली ऐकू येतो: तो वाचवावा, त्याचे संग्रहालय करावे, पर्यटकांना पायाचे यंत्र चालवून दाखवावे. सावंतवाडीत गंजिफा आणि लाखकामाला राजघराण्याने, विशेषतः सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, कष्टाने नवे आयुष्य दिले, त्याचे मोल मान्यच केले पाहिजे. परंतु प्रत्येक गावाला तशी राणी मिळत नाही, आणि राजवाड्याच्या सौजन्यावर जगणे ही कारागिराची हक्काची अवस्था नव्हे. नागपूरच्या अजब बंगल्यात एखादा जुना सांगाडा काचेआड ठेवला म्हणून खरादीच्या चुलीवर काही शिजणार नाही. पायाचे यंत्र शाळांतून मुलांना जरूर दाखवावे. चाक, दांडा आणि पायटा यांची जोडणी त्यावर जितकी उघड कळते तितकी बंद मोटरीवर कळत नाही. पोट भरण्यासाठी मात्र खरादीला वीज हवी, आणि ती परवडेल अशा दराने हवी. कोराडी आणि खापरखेडा येथे कोळसा जाळून राज्याला वीज पुरवली जाते आणि राख नागपूर परिसराच्या वाट्याला येते. यंत्रमागधारकांना वीजदरात सवलत देण्याचे धोरण राज्याने वर्षानुवर्षे चालवले. अर्ध्या अश्वशक्तीच्या खरादाला ते लागू करण्याने तिजोरी रिकामी होणार नाही.

तेव्हा करायच्या गोष्टी फार नाहीत आणि महागही नाहीत. केंद्राने यादीत एकोणिसावा व्यवसाय म्हणून खरादी-कातारी घालावा आणि एका घरातील काम करणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची कारागीर म्हणून नोंद करावी. राज्याने बुरडांच्या धर्तीवर खरादींची नोंदणी करून विरळणीचे व हलक्या प्रतीचे लाकूड लहान लॉटांत, लिलावाबाहेर, ठरलेल्या दराने द्यावे. वनविकास महामंडळाला त्यासाठी नागपूरबाहेर जावे लागणार नाही. लाकूड एकेकट्याने उचलण्यापेक्षा सहकारी संस्थेने उचलावे, आणि ती संस्था उभी करण्याचे काम सरकारवर न टाकता या पक्षाच्या नागपूर आणि वर्धा येथील कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. सुरुवात नोंदीपासून व्हावी: महाल आणि इतवारीच्या गल्ल्यांत, कामठी-उमरेडकडच्या गावांत किती खराद चालतात, त्यांवर किती माणसे राबतात, त्यांत बायका किती, लाकूड कोठून येते आणि कोणत्या भावाने. पोळ्याच्या हंगामापूर्वीचे दोन महिने खरादीच्या घरी काम जोरात असते. हे सारे विचारायला जायचे ते त्याच दिवसांत.